घरच्या पडद्यावरील घाशीराम

हरवलेली वस्तू सापडली म्हणजे माणसास आनंद होतो. आणि त्या आनंदाच्या भरात ती वस्तू मुळात किती मोलाची होती, हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. एखाद्या वाड्याच्या माळ्यावर जुनी पोथी मिळाली, की तिच्यातील काव्य सामान्य असले तरी शोधणाऱ्यास ते अमृतासमान लागते. चित्रपटांच्या बाबतीत हा मोह अलीकडे फार वाढला आहे. साठ-सत्तरच्या दशकांत प्रस्थापित चित्रव्यवसायाशी फटकून राहून, थोड्या पैशांत आणि पुष्कळशा संतापात काढलेले चित्रपट एकामागून एक तबकड्यांवर अवतरत आहेत. जपानमधील अशा बंडखोर चित्रपटांना तर या तबकड्यांमुळे जगभर नवा प्रेक्षकवर्ग लाभला आहे. ते दुर्मीळ होते, म्हणून ते थोर, असा एक सोपा हिशेब या नव्या रसिकतेत रूढ होऊ पाहत आहे. हा हिशेब तपासून पाहण्याची संधी आम्हांस एका मराठी चित्रपटाने दिली. तो चित्रपट म्हणजे 1976 सालचा ‘घाशीराम कोतवाल’.

नाटक म्हणून ‘घाशीराम कोतवाल’ कोणा मराठी वाचकास ठाऊक नाही? विजय तेंडुलकरांचे हे नाटक पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने 16 डिसेंबर 1972 रोजी प्रथम रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची, आणि नानाच्या भूमिकेत मोहन आगाशे. थोडे प्रयोग होतात न होतात तोच वाद उठला. संस्थेने प्रयोग थांबविले. तेव्हा त्याच तरुण कलावंतांनी ‘थिएटर अकादमी’ स्थापन केली आणि 1974 च्या आरंभी नाटक पुन्हा उभे केले. पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु या नाटकावरून मराठीत एक चित्रपटही निघाला होता, हे किती जणांस ठाऊक असेल? आमच्या स्नेहमंडळींत आम्ही विचारून पाहिले. दहांत एकासही ते ठाऊक नव्हते. काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हांस तरी कोठे ठाऊक होते?

तो चित्रपट ‘युक्त’ या नावाच्या सहकारी संस्थेने काढला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या मंडळींनी ती संस्था उभी केली होती. दिग्दर्शक म्हणून एकाचे नव्हे, चौघांचे नाव लागले: के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. छायालेखकही चौघे: बिनोद प्रधान, राजेश जोशी, मनमोहन सिंग आणि वीरेंद्र सैनी. नानाची भूमिका आगाशे यांच्याकडेच राहिली, संगीत चंदावरकरांकडेच राहिले, आणि घाशीराम म्हणून उभा राहिला ओम पुरी नावाचा एक नवखा नट. देशात तेव्हा आणीबाणी होती. वर्तमानपत्राच्या अग्रलेखासही जेव्हा परवानगी लागत होती, तेव्हा हुकूम काढणारा मुत्सद्दी आणि हुकूम बजावणारा कोतवाल यांची कथा या तरुणांनी पडद्यावर मांडावयास घेतली, हे विसरून चालणार नाही.

चित्रपटगृहांतून तो सर्वसाधारण प्रेक्षकांपर्यंत पोहोचलाच नाही. परदेशी महोत्सवाच्या निमित्ताने गेलेली त्याची एक प्रत बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या संग्रहात राहिली. इकडे त्याचे नाव पुसले गेले, आणि गेल्या दशकात त्या बर्लिनच्या प्रतीवरून तो पुन्हा उजेडात आला. यातील विपरीतपणा मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. 1980 साली थिएटर अकादमीची मंडळी हेच नाटक घेऊन बर्लिनला निघाली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! नाना फडणवीसाची बदनामी परक्या मुलखात नेऊ नका, असा आग्रह धरण्यात आला. ज्या बर्लिनमध्ये आपली अब्रू जाईल म्हणून आपण घाबरलो, त्याच बर्लिनने आपली वस्तू सांभाळली. आपण अब्रूची काळजी केली. त्यांनी रिळांची केली.

येथे जपानशी तुलना करण्याचा मोह आम्हांस आवरत नाही, कारण आमच्या हाती प्रथम आली ती जपानी तबकडी. परदेशातून परतलेल्या एका स्नेह्याने नागिसा ओशिमा यांचा 1968 सालचा ‘कोशिकेइ’, म्हणजे ‘फाशी’, हा चित्रपट आम्हांस पाहावयास दिला होता. क्रायटेरियन या अमेरिकन संस्थेने 2016 साली तो तबकडीवर काढला. तो पाहिल्यानंतर ‘आपल्याकडे असे काही घडले होते काय?’ या प्रश्नाचा पाठलाग करीत आम्ही ‘घाशीराम’पाशी पोहोचलो.

जपानी चित्रपट टिकले कसे, याचे उत्तर भावनेत नाही, व्यवस्थेत आहे. ‘आर्ट थिएटर गिल्ड’ ही संस्था तेथे 1961 साली स्थापन झाली. तोहो या बड्या चित्रपट कंपनीचा तिला आधार होता. आरंभी ती परदेशी दर्जेदार चित्रपट दाखवीत असे. साठच्या दशकाच्या अखेरीस तिने स्वतंत्र दिग्दर्शकांबरोबर भागीदारीत चित्रपट काढण्यास सुरुवात केली. खर्च सुमारे एक कोटी येन. त्या काळच्या जपानी मानाने ही रक्कम फारच तुटपुंजी. त्यातील निम्मा वाटा संस्थेचा, निम्मा दिग्दर्शकाच्या मंडळीचा. दाखविण्यास टोकियोतील शिंजुकू बुन्का यांसारखी चित्रपटगृहे हाताशी होतीच. ओशिमा यांचा ‘फाशी’, तोशिओ मात्सुमोतो यांचा 1969 सालचा ‘गुलाबांची शवयात्रा’, शूजी तेरायामा यांचा 1971 सालचा ‘पुस्तके फेकून द्या, रस्त्यावर या’, हे सारे चित्रपट या व्यवस्थेतून निघाले. म्हणजे तेथील बंडखोरीस घर होते, दार होते आणि माजघरही होते.

आमच्या ‘युक्त’ मंडळीपाशी काय होते? सहकाराचे तत्त्व होते. महाराष्ट्रास सहकार काही नवा नव्हे. प्रवरेच्या काठी 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस पिकविणाऱ्यांनी एकत्र येऊन काय करता येते ते साऱ्या देशास दाखविले. परंतु उसाच्या सहकारास गाळपापासून गोदामापर्यंत सर्व व्यवस्था मिळाली. चित्रपटाच्या सहकारास तयार माल ठेवावयास फळीसुद्धा मिळाली नाही. एकत्र येऊन निर्माण करणे आपणांस जमले. एकत्र येऊन सांभाळणे मात्र जमले नाही.

आता त्या दोन चित्रपटांकडे वळतो. ‘फाशी’ची कथा थोडक्यात अशी. आर नावाच्या एका कोरियन तरुणास जपानच्या तुरुंगात फाशी दिले जाते, परंतु त्याचे हृदय थांबत नाही. तो शुद्धीवर येतो तो स्मृती गमावून. आपण कोण, आपला गुन्हा कोणता, हे त्यास आठवत नाही. ज्यास आपला गुन्हाच ठाऊक नाही त्यास पुन्हा फाशी कसे द्यावे, हा पेच अधिकाऱ्यांपुढे पडतो. मग तुरुंगाधिकारी, शिक्षणाधिकारी, डॉक्टर, धर्मोपदेशक असे सारे मिळून त्याच्यापुढे त्याच्याच गुन्ह्याचे नाटक करून दाखवू लागतात. हे नाटक करता करता ते त्यात इतके रंगतात, की गुन्हा नेमका कोणाच्या मनात होता असा प्रश्न पडावा. 1958 साली घडलेल्या एका खऱ्या प्रकरणाचा आधार या कथेस आहे. जपानमधील कोरियन म्हणजे परका. त्यास राज्याने आधी गुन्हेगार म्हणून घडविले आणि मग राज्यानेच फासावर चढविले, असा ओशिमा यांचा आरोप आहे. आणि तो आरोप करताना त्यांनी दुष्ट माणसे दाखविली नाहीत. नियमाला धरून वागणारी, थोडीशी हास्यास्पद, कचेरीतली माणसे दाखविली.

आम्ही राहतो ते इरुंगाट्टुकोट्टै चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. येथे ह्युंडाई या कोरियन कंपनीचा मोटारींचा कारखाना 1998 पासून चालू आहे, आणि श्रीपेरुंबुदूरकडे जाताना खानावळींच्या पाट्यांवर तमिळच्या शेजारी कोरियन अक्षरे दिसतात. येथील कोरियन माणूस मालकाच्या बाजूचा. परका आहे, पण मानाचा परका. कारखान्यांच्या वस्तीत खोलीत सहा-सहा जण राहणारे ओडिशा-बिहारचे मजूर हे दुसऱ्या जातीचे परके. आणि केंद्र सरकारच्या नोकरीत बदलून आलेले आम्ही तिसऱ्या जातीचे. परकेपणा हा माणसाच्या अंगी असणारा गुण नसून त्याच्या पाठीशी कोण उभे आहे यावर ठरणारी गोष्ट आहे, हे येथे रोज दिसते. ‘घाशीराम’ आम्ही पाहिला तो या जागी बसून, आणि म्हणूनच कदाचित पुण्यात बसून वाचलेल्या नाटकात जे दिसले नव्हते ते आम्हांस दिसले.

घाशीराम सावळदास हा कनौजचा ब्राह्मण, पोटासाठी पुण्यात आलेला. पुणे त्याचा अपमान करते, त्याच्यावर चोरीचा आळ घेते, त्यास मारझोड करून वेशीबाहेर काढते. तो सूडाची प्रतिज्ञा करतो, आपली मुलगी ललितागौरी नानाच्या वासनेपुढे ठेवतो आणि मोबदल्यात पुण्याची कोतवाली मिळवितो. येथपर्यंतची कथा सूडाची आहे. परंतु नाना त्यास कोतवाल का करतो? केवळ मुलीसाठी नव्हे. पुण्याचा कोतवाल पुण्याचा असला तर त्यास नातेवाईक असतात, पक्ष असतो, त्याच्या मागे चार घरे उभी राहतात. परक्या कोतवालामागे कोणी नाही. त्याने केलेला जुलूम त्याच्याच खाती जमा होतो, आणि लोकांचा संताप अनावर झाला की त्यास लोकांच्या स्वाधीन करून हात झटकता येतात. नाना शेवटी नेमके हेच करतो. एका कागदावर सही होते, जमाव घाशीरामास ठेचतो, आणि नगरीवरचे संकट टळले म्हणून उत्सव जाहीर होतो. हुकूम देणारा जसाच्या तसा राहतो.

पन्नास वर्षे आपण वाद घातला तो नानाच्या अब्रूचा. तेंडुलकरांनी हे नाटक ऐतिहासिक नाही असे वारंवार सांगूनही आपण इतिहासाच्या पुराव्यांची चळत मांडली. पण इतिहासच काढावयाचा तर पुरता काढावा. घाशीराम पुण्याचा कोतवाल होता, आणि 1791 च्या ऑगस्टात त्याचा अंत झाला, हे खरे. मोरोबा कान्होबा यांनी 1863 सालीच त्याच्या नावाची कादंबरी लिहिली होती, तेव्हा त्याची आठवण मराठी मनात बरीच जुनी आहे. पण त्या दिवसांत कोतवालाच्या कोठडीत गुदमरून मेलेले कोण होते? श्रावणातील दक्षिणेसाठी दूरवरून पुण्यास आलेले तैलंगी ब्राह्मण. मारणारा उत्तरेचा परका, मेलेले दक्षिणेचे परके, आणि ज्याच्या राज्यात हे घडले त्याच्या अंगास डाग नाही! हे आम्ही इरुंगाट्टुकोट्टैत वाचले तेव्हा, ‘त्या प्रकरणात आपण मराठी माणसे नेमकी कोठे उभी होतो?’ हा प्रश्न प्रथमच आम्हांस टोचला. आपण भिंत होतो. नाटकात ब्राह्मणांची जी नाचती-गाती भिंत आहे, जी प्रसंगी पडदा होते, प्रसंगी उघडून आतले दाखविते आणि सोयीचे नसेल ते झाकून टाकते, ती आपली जागा.

चित्रपटाचे मोठेपण या भिंतीच्या संदर्भात तपासावे लागते. रंगभूमीवर ती भिंत प्रेक्षकाच्या समोर असते. प्रेक्षक अंधारात, भिंत उजेडात; तिच्या ढोंगास आपण हसतो आणि स्वतःस तिच्यापासून वेगळे समजतो. पडद्यावर कॅमेरा त्या घोळक्यात शिरतो आणि पाहणाऱ्याची सुरक्षित जागा हिरावून घेतो. याचा कळस शेवटी होतो. अखेरचे दृश्य सुमारे दहा मिनिटे मध्ये कोठेही न कापता चालते. त्या काळी फितीचे हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटे पुरत असे. म्हणजे एक रीळ जवळजवळ संपेपर्यंत डोळा मिटावयाचा नाही, असा दिग्दर्शकांनी स्वतःवर व आमच्यावर घातलेला हा निर्बंध आहे. चित्रपटात काप ही पापणी असते. भीषण काही घडू लागले की काप येतो, दुसरे काही दिसते, आणि आपण सुटतो. येथे ती सुटका नाही. घडते आहे तोवर पाहणे भाग आहे, आणि पाहत राहणे हाच जमावात सामील होण्याचा पहिला प्रकार आहे.

आणि येथेच घरच्या पडद्याविषयीची आमची मुख्य तक्रार उभी राहते. एका रविवारी आम्ही हा चित्रपट आमच्या भाड्याच्या घरात आसपासच्या चार मराठी कुटुंबांस बोलावून दाखविला. शेजारी राहणारे एक निवृत्त तमिळ शिक्षकही आले होते. चित्रपट शेवटाकडे आला, आणि त्या अखंड दृश्याच्या ऐन मध्यावर एका वहिनींनी चहा आणला. आम्ही रिमोटचे बटण दाबून चित्र थांबविले. जमाव थांबला. आम्ही चहा घेतला, कोणीतरी नव्या बदल्यांची बातमी सांगितली, आणि मग आम्ही बटण दाबून जमाव पुन्हा चालू केला. त्या वेळी कोणासही काही वावगे वाटले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर आम्हांस उमगले, की चौघा दिग्दर्शकांनी महत्प्रयासाने काढून टाकलेली पापणी आम्ही चहाच्या कपासाठी परत बसविली.

चित्रपट संपल्यावर चर्चा झाली. आमच्यातील एक वडीलधारे स्नेही म्हणाले, “नानासारख्या मुत्सद्द्यास असे दाखवावयास नको होते. कलाकृती असेल, पण परक्या मुलखात हे पाहताना बरे वाटत नाही.” त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. घरापासून दूर असलेल्या माणसास आपल्या माणसांची निंदा अधिक झोंबते, हा आमचाही अनुभव आहे. तमिळ शिक्षक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी इंग्रजीत एवढेच विचारले, “तो बाहेरचा होता हे कळले. पण त्याला मारणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी काय वाटले असेल?” या प्रश्नास आमच्यापैकी कोणाजवळही उत्तर नव्हते. नाटकावरील वादात कोणी हा प्रश्न विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. आपण सारे नानापाशी अडून बसलो होतो. त्या परभाषी गृहस्थांनी थेट भिंतीकडे बोट दाखविले.

त्या गृहस्थांना हा प्रश्न सुचावा, याचे एक कारण त्यांच्या भाषेतही आहे. जॉन अब्राहम यांचा ‘अग्रहारत्तिल् कळुदै’, म्हणजे ‘अग्रहारातील गाढव’, हा तमिळ चित्रपट 1977 सालचा. एक प्राध्यापक पोरके शिंगरू पाळतो, ते आपल्या गावी अग्रहारात पाठवितो. गावातले सारे अरिष्ट त्या मुक्या जनावराच्या माथी मारले जाते, त्यास ठार करण्यात येते, आणि मग चमत्कार घडू लागताच त्याच गाढवाची पूजा सुरू होते. त्या चित्रपटास तमिळमधील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तरीही निषेधामुळे दूरदर्शनवरील त्याचे जाहीर झालेले प्रक्षेपण रद्द झाले. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्येच शिकलेल्या दिग्दर्शकाने, ‘घाशीराम’च्या आगेमागेच, दुसऱ्या भाषेत तीच भिंत पाहिली होती. आणि ‘युक्त’मधील हरिहरन यांनी पुढे 1982 साली तमिळमध्ये ‘एळावदु मनिदन’ काढला आणि चेन्नईत चित्रपटशिक्षणाचे काम केले. म्हणजे ज्यांना आपण विसरलो, त्यांतील एकाचे कार्यक्षेत्र आम्ही राहतो तेथून तासा-दीडतासाच्या अंतरावर होते.

हा चित्रपट निर्दोष आहे असा आमचा दावा नाही. चार दिग्दर्शकांची चार मने एका चालीत सर्वत्र चालत नाहीत. काही प्रसंगी चित्र विचारमग्न होऊन थबकते, तर काही प्रसंगी नाटकाची लय त्यास पुढे ओढते. या दोहोंतील सांधा दिसतो. नाटकातील जिवंत हशा येथे पातळ झाला आहे. तेंडुलकरांचा उपहास प्रेक्षकास आधी हसवितो आणि मग त्या हसण्याचा जाब विचारतो. चित्रपट आरंभापासूनच जाब विचारावयास बसतो. ललितागौरीच्या वाट्यास नाटकात जे मौन आले, ते येथेही फारसे फुटत नाही. जिच्या देहाच्या मोबदल्यात ही सारी कोतवाली उभी आहे, तिचे मन पुरुषांच्या या दोन्ही कलाकृतींनी अंधारात ठेवले. ओशिमा यांच्या चित्रपटाशी ताडून पाहता हे उणेपण अधिक जाणवते. ओशिमा क्रौर्य आणि हास्य एकाच वेळी पेलतात. आणि शेवटी, फासाचा दोर रिकामा लोंबत असताना, सरकारी वकील उपस्थित अधिकाऱ्यांचे आभार मानता मानता चित्रपट पाहणाऱ्यांचेही आभार मानतो, तेव्हा फाशीच्या कागदावर आपलीही सही झाली आहे, हे पाहणाऱ्यास एका क्षणात कळते.

तरीही आम्हांस ‘घाशीराम’ अधिक जवळचा वाटतो, आणि तो मराठी आहे एवढेच त्याचे कारण नाही. ते कारण सांगावयाचे तर स्वतःविषयी थोडे बोलावे लागेल. गेल्या कार्तिकातील पावसात आमच्या टेबलाशी एक ओडिया मजूर आला होता. त्याच्या दोन कागदांवरील नावांत एका अक्षराचा फरक होता. आम्ही त्यास नियम दाखवून परत पाठविले. आठवड्याने तो दुसरा कागद घेऊन आला. त्यावर शिक्का नव्हता. आम्ही पुन्हा नियम दाखविला. तिसऱ्या खेपेस तो आलाच नाही. नियम आमचा नव्हता, आणि तो वाचण्यात आमची चूकही नव्हती. चित्रपट पाहिल्यावर मात्र तो मजूर आम्हांस आठवला, आणि अजून आठवतो. आम्ही काही घाशीराम नव्हे. तेवढा जुलूम करण्याचे सामर्थ्य कारकुनाच्या हाती कोठून असणार? पण हुकूम दुसऱ्याचा, हात आपला, आणि समोरचा माणूस परका, ही तीन माणसांची रचना आम्ही ओळखली. घाशीराम पेटतो तो अपमानाने. आपण पेटत नाही, आपण थंडपणे नियम दाखवितो. ओशिमा यांच्या चित्रपटातील अधिकाऱ्यांशी आपले अधिक साम्य आहे. पण आपली गोष्ट आपल्या भाषेत, आपल्या पुण्यात, आपल्याच माणसांनी सांगितल्यावाचून हे साम्य आम्हांस लागले नसते.

आता प्रारंभीच्या हिशेबाकडे परत येऊ. दुर्मीळ म्हणून थोर, हे समीकरण खोटे आहे. कमल स्वरूप यांचा ‘ओम-दर-ब-दर’ हा 1988 सालचा हिंदी चित्रपट चित्रपटगृहांत आला तो 2014 साली. मधली पंचवीस वर्षे तो अंधूक प्रतींवरून हातोहात फिरला, आणि न पाहणाऱ्यांतच त्याची कीर्ती अधिक झाली. असा चित्रपट एकदा स्वच्छ प्रतीत मिळाला, की गूढाचे वलय गळून पडते आणि कलाकृती उघडी उभी राहते. हे चांगलेच आहे. घरच्या पडद्याचा खरा उपकार हा, की तो दंतकथेचे रूपांतर पुन्हा चित्रपटात करतो. ज्याविषयी केवळ ऐकावयाचे, ते आता पाहता येते, पुन्हा पाहता येते, त्याचे दोषही दाखविता येतात. पुण्यापासून हजार-बाराशे किलोमीटरांवर बदलून आलेल्या माणसास ही गोष्ट लहान नाही. नाट्यगृहे, महोत्सव, चित्रपट-मंडळे ही सारी मागे ठेवूनच आपण येथे आलेलो असतो.

पण उपकाराबरोबर एक फसवणूकही येते. जे चित्रपट लोकांस एकत्र बसवून अस्वस्थ करण्यासाठी निघाले, ते आता एकेकट्या संग्राहकाच्या कपाटात जाऊन बसतात. जपानी तबकड्यांच्या वेष्टनावरील सुबक चित्रे पाहून आम्हांस ही शंका नेहमी येते. त्या चित्रपटांचा राग आपण विकत घेतला, पण त्यांनी कोणावर राग धरला होता हे विचारावयाचे विसरलो, तर ती रसिकता म्हणजे नुसती हौस. सापडलेल्या चित्रपटाची कसोटी एकच आहे: तो आजही पाहणाऱ्यावर बोट रोखतो का? ‘फाशी’ रोखतो. ‘घाशीराम’, त्याच्या साऱ्या उणिवांसह, रोखतो. म्हणून तो सापडला हे चांगले झाले. हरवला होता म्हणून नव्हे.

आमच्यासारख्या दूरस्थ वाचकांस एक लहानशी सूचना करून हे टिपण संपवितो. हा चित्रपट मिळाला तर एकट्याने पाहू नये. दोन-चार कुटुंबे जमवावीत, आणि त्यांत ज्या मुलखात आपण राहतो तेथील एक तरी माणूस असावा. कारण आपल्या भिंतीकडे पाहण्यास भिंतीबाहेरचा डोळा लागतो. चहा आधी घ्यावा. रिमोट दुसऱ्या खोलीत ठेवावा. पुढल्या खेपेस आम्ही तसेच केले. शेवटचे दृश्य चालू असता खोलीत कोणी बोलले नाही, आणि ते संपल्यावरही बराच वेळ कोणास दिवा लावावयास उठावेसे वाटले नाही. आमचे ते वडीलधारे स्नेही या वेळीही आले होते. जाताना पायताण घालता घालता ते म्हणाले, “नानाचे जाऊ द्या. तुमच्या त्या मजुराचा पत्ता कचेरीत असेल ना?”

पत्ता होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तो शोधून काढला, आणि कागदातील फरक दुरुस्त करण्यास कोणता अर्ज लागतो हे त्यास समजेल अशा भाषेत कळविले. उत्तर अद्याप आलेले नाही.